मोत्याबरोबर माळरानात

मराठवाड्यातील बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी कुत्रा असतो. पण तो दाराशी असतो. त्याने खळ्याची राखण करावी, रात्री भुंकावे, उरलेसुरले खावे आणि दिवसा सावली पाहून पडून राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. अशा कुत्र्याला सोबत घेऊन कोणी फिरायला जावे, हा प्रकार आमच्या धर्मग्रामातील मंडळींना आरंभी मोठा विनोदी वाटला. "फादर, तुम्ही कुत्र्याला फिरवता का कुत्रं तुम्हाला?" असे एका आजोबांनी मिस्सानंतर चर्चच्या आवारात सर्वांसमक्ष विचारले होते. प्रश्न थट्टेचा होता, तरी त्यात तथ्य होते. आमच्या रक्तातील साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालण्यास सांगितले होते, आणि ती आज्ञा आमच्याकडून पाळून घेण्याचे काम मोत्या करीत होता. पहाटेची प्रार्थना आटोपून आम्ही दार उघडले की हा पायरीवर हजर!

दुसरा एक आक्षेप मात्र थट्टेचा नव्हता. "लोक टँकरची वाट पाहत रांगेत उभे असतात, आणि आपण कुत्र्याबरोबर रानात हवा खात हिंडता, हे शोभते का?" असे एका तरुणाने आम्हांला विचारले. २०१२-१३च्या दुष्काळात जालना हा महाराष्ट्रातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या दिवसांची आठवण मनात ठेवून विचारलेल्या या प्रश्नाला हसून उत्तर देणे योग्य नव्हते. आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. पुढील मजकूर हे त्याचेच उत्तर समजावे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, या जिल्ह्यात रानात फिरायचे म्हटले तर रान शोधावे लागते. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात जंगल अत्यल्प. कोकणातील राई नाही, सह्याद्रीचे कडे नाहीत. आहेत ती काळी शेते, मोसंबीच्या बागा, कपाशी, आणि मधूनमधून मुरमाड माळ. परंतु दिवस उगवण्यापूर्वी त्या माळावर जाऊन पाहावे. तरवडाची पिवळी फुले, बोरी-बाभळींवर बसलेले होले, चंडोलाचा वर वर जाणारा स्वर! मोत्या मात्र या कशाकडे पाहत नाही. तो जमिनीला नाक लावून रात्रीचा वृत्तांत वाचीत असतो. ससा कोठून गेला, मुंगूस कोठे थांबले, हे त्याला ठाऊक असते. आम्ही फक्त तो कोठे थांबतो ते पाहतो.

आमची पहिली वाट घाणेवाडीची. निजामाच्या राजवटीत कुंडलिका नदीवर बांधलेला हा तलाव जालना शहराची तहान भागवीत आला आहे. दुष्काळात त्याचा तळ उघडा पडला तेव्हा शहरातील नागरिकांनी पुढाकार घेऊन गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेला. हिवाळ्यात येथे बदके उतरतात. हे पाणी पिण्याचे, म्हणून मोत्याला त्यात उतरू द्यायचे नाही, हा आमचा कडक नियम. त्याचे पाणी बाटलीतून आणि ॲल्युमिनियमच्या वाटीतून.

दुसरी वाट अंबडकडील. मत्स्योदरी देवीचे मंदिर ज्या टेकडीवर आहे, तिचा आकार माशासारखा असल्याचे सांगतात. त्या पायऱ्यांवर आम्ही मोत्याला नेत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी आपला कुत्रा न्यावा की नाही, हे आपण ठरवायचे नसते. भोवतालच्या माळावरून टेकडीचे दर्शन चांगले घडते, तेवढे आम्हां दोघांना पुरे. राजूरच्या गणपतीची टेकडीही आम्ही अशीच दुरून पाहतो, आणि चतुर्थीच्या गर्दीत तर त्या रस्त्यालाच जात नाही.

तिसरी वाट लांबची, वर्षातून एखाददुसऱ्या वेळेची. भोकरदन-जाफराबादच्या बाजूस, जेथे अजिंठ्याच्या डोंगररांगा मंदावत येतात, तेथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनानीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढाई केली. वाटाड्यांनी नदीला उतार नाही असे सांगितले. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच, त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असे त्याने ताडले, आणि ते खरे निघाले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंची हजारो माणसे पडली. आज तेथे पिके डोलतात. मोत्या बांधावर बसून जिभेने धापा टाकतो, आणि माणसांनी या जमिनीसाठी काय काय केले हे आठवून आम्ही थोडा वेळ गप्प राहतो.

या वाटांवर एक गोष्ट आम्ही शिकलो. येथे कोणाचीच नाही अशी जमीन नाही. बांध कोणाचा तरी आहे, गवत कोणाच्या तरी शेळीसाठी राखलेले आहे, आणि ज्याला आपण उजाड माळ म्हणतो तो टिटवीच्या अंड्यांचा पाळणा आहे. म्हणून मोत्याच्या गळ्यात पट्टा आणि आमच्या हातात साखळी नेहमी असते. शहरातील काही कुटुंबे गाडीतून कुत्रे आणतात आणि माळावर मोकळे सोडतात. "बिचारा आठवडाभर बांधलेला असतो," असे म्हणतात. त्यांची दया आम्हांला समजते. परंतु काळविटाचे पाडस दिसले की त्या बिचाऱ्याचा लांडगा व्हायला क्षण लागत नाही. काळविटाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिले आहे. आपल्या कुत्र्याला तो कायदा आपणच शिकवावा लागतो. गौताळ्यासारख्या अभयारण्यात तर पाळीव कुत्रा नेऊच नये. ऑस्ट्रेलियासारख्या विस्तीर्ण देशातही बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्याला मज्जाव असतो, मग आपल्या चिमूटभर रानाची काय कथा!

एकदा हिवाळ्यात एका कापणी झालेल्या शेतात धनगरांचा मुक्काम पडला होता. मेंढ्या शेतात बसवल्या की लेंडीखत मिळते, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेतात. कळपाचे दोन कुत्रे उठून उभे राहिले. त्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे होते. लांडग्याने नरडे धरू नये यासाठी ते घालतात. वृद्ध मेंढपाळ दुरूनच ओरडला, "कुत्रं धरून ठिवा! मेंढ्या गाभण हाईत!" आम्ही साखळी वर करून दाखविली आणि मोत्याला खाली बसविले. म्हातारबाबांनी शीळ घालून आपले कुत्रे परत बोलाविले आणि आम्हांला चहाला बसविले. बोलता बोलता कळले की, त्यांच्या नातवाला गावात पिसाळलेले कुत्रे चावले होते, आणि घरच्यांनी जखमेवर तिखट भरून त्याला एका जाणत्याकडे नेले होते. "कधी चावलं, बाबा?" आम्ही विचारले. "परवा दिशी." आम्ही चहा तसाच ठेवून उठलो. त्या दिवशी मुलाला सरकारी दवाखान्यात पोहोचविले, आणि लशीच्या सर्व मात्रा पूर्ण होईपर्यंत त्याचा पाठपुरावा केला. मुलगा आज मेंढ्यांमागे हिंडतो आहे.

प्रिय वाचकहो, हे आपल्या घरी प्रत्येकाला ठाऊक असू द्या. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. त्यापूर्वी वेळेवर पूर्ण उपचार घेतले तर तो जवळजवळ निश्चित वाचतो. स्वतःच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यापासून लस द्यावी आणि पुढे दरवर्षी चुकवू नये. वाटेबद्दलही थोडे: उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी परतावे; जमिनीवर हाताची पालथी बाजू टेकवून पाहावी, आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. पावसाळ्यानंतर घरी येताच गोचीड, सराटे आणि कानांत शिरणारी कुसळे पाहावीत. फवारलेल्या कपाशीत शिरू देऊ नये. अंधारात बांधावरून जाऊच नये, कारण रानडुकरांसाठी काही ठिकाणी तारांत वीज सोडलेली असते.

आपल्या बायबलमध्ये प्रवासी कुत्रा एकच. तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबिया राफाएल देवदूताबरोबर निघतो, तेव्हा कुत्राही त्यांच्यामागे चालू लागतो. त्याला नाव नाही, कथेत त्याचे काही कामही नाही. तो केवळ बरोबर जातो आणि बरोबर परत येतो. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात तर तो शेपूट हलवीत घरी आधी पोहोचतो! आपल्या मराठवाड्यातील संत नामदेव भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथाही सर्वांना ठाऊक आहे. देवदूत असो वा संत, या प्राण्याची सोबत कोणी हलकी मानलेली नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. जीपमधून आम्ही या जिल्ह्यात अनेक वर्षे हिंडलो. जीपला लोक वाट देतात. पायी चालणाऱ्या, कुत्रा घेतलेल्या माणसाला हाक मारतात. कोणाची विहीर आटली, कोणाचा मुलगा पुण्याहून परतला नाही, कोणत्या म्हातारीला डोळ्यांनी दिसेनासे झाले, हे आम्हांला बांधावरच कळले. पोरे कुत्र्याशी खेळायला येतात आणि त्यांच्यामागून मोठी माणसे येतात. टँकरच्या रांगेतही आम्ही मोत्यासह उभे राहिलो आहोत. तेथे त्याच्या वाटीत पाणी ओतणारी बाई स्वतः दोन घागरींसाठी तिष्ठत होती.

मोत्याला आता अकरावे वर्ष लागले आहे. मागचा पाय दुखतो. घाणेवाडी त्याला झेपत नाही; चर्चच्या मागील पाणंदीने दुसऱ्या निंबापर्यंत जातो आणि बसतो. आम्हीही बसतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गॅलरीत बांधलेला तरुण कुत्रा आहे, त्यांनी येत्या रविवारी पहाटेच मुलांसह त्याला माळावर न्यावे. सोबत पट्टा, साखळी आणि पाणी असावे. बांधावर कोणी भेटले तर आधी राम राम करून परवानगी विचारावी. मिस्साच्या वेळेपूर्वी परत येता येते.