ओजेटीचा उन्हाळा

जूनमध्ये आमच्या विभागाच्या टेबलावर स्पायरल बाइंडिंगची चळत उभी राहते. एम.ए.च्या पहिल्या वर्षाची पोरं उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या शैक्षणिक संस्थेत ओजेटी, म्हणजे ऑन द जॉब ट्रेनिंग, करून परतलेली असतात. चार श्रेयांक, 120 तास, शेवटी ‘अनुभवाचे चिंतन’. लग्नपत्रिकेत नावं तेवढी बदलतात आणि मजकूर तोच राहतो, तशी ही चिंतनं. माझा आत्मविश्वास वाढला, संवादकौशल्य विकसित झाले, वेळेचे नियोजन समजले.

पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. ‘आपणांस यातून काय मिळाले?’ असं आम्हीच विचारतो आणि ती इमानेइतबारे मिळकत लिहून देतात. ज्यांना शिकवायला गेली ती मुलं कशी होती, कशावर हसली, कुठे अडली, याला रकानाच नाही. म्हणून मी अहवाल मागून वाचते. मागे परिशिष्टात रोजनिशीची पानं असतात, घाईत खरडलेली. खरं काय ते तिथे सापडतं.

शहरातल्या अभ्यासिकांत आणि शिबिरांत गेलेल्यांचा उन्हाळा पंख्याखाली जातो. त्यांचं बरं चाललेलं असतं. मला ओढ असते ती वीटभट्टीवरून आलेल्या वह्यांची. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची कातकरी, वारली कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नाव गावच्या शाळेच्या पटावर, मूल मात्र इथे भोंग्यात. भोंगा म्हणजे भट्टीलगतची झोपडी. आत ताठ उभं राहता येत नाही, आणि बाहेर सावली नाही. नव्वदच्या दशकात ‘विधायक संसद’ या संस्थेने अशा वस्त्यांवरच शाळा भरवल्या, त्या भोंगाशाळा. त्याच्याही कितीतरी आधी, 1945मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसोबत त्यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणातच शाळा नेली. मूल येत नसेल तर शाळेनं उठून जावं, इतकी साधी गोष्ट. आमची पोरं हे सगळं पहिल्या सत्रात वाचतात, त्यावर टीप लिहितात आणि पाचपैकी चार गुण घेतात. मे महिन्यात भट्टीवर पाय भाजला की मग त्यांना कुरणशाळा कळते.

गंमत अशी की ही सगळी ‘उन्हाळी सुट्टीतली शिबिरं’. या मुलांना सुट्टी कशापासून असते, हे आमच्या वेळापत्रकाला कधी सुचलेलं नाही.

यंदाच्या एका वहीतलं एक पान मी झेरॉक्स काढून ठेवलंय. विद्यार्थिनी मानसशास्त्राची. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा धुळीत काडीने इंग्रजी अक्षरं काढायचा, एस आणि के, नेहमी ही दोनच, आणि दोन्ही उलटी. तिने नोंदवलं : ‘अक्षरे उलटी काढतो. अध्ययन अक्षमता? चाचणी घेणे.’ खाली लाल रेघ. त्याच पानावर काही दिवसांनंतरची नोंद, वेगळ्या शाईत, दोनच शब्द : ‘साचा पाहिला.’

विटेवर मालकाच्या नावाची अक्षरं सुलट उमटायची तर साच्यात ती उलटी कोरावी लागतात. बाप पहाटेपासून चिखल थापतो आणि पोरगं शेजारी बसून साचा पाहतं. वाचायला त्याच्यासमोर दुसरं काही आलेलंच नव्हतं. त्याने जे पाहिलं ते हुबेहूब काढलं. निरीक्षणशक्तीची चाचणी असती तर पहिला आला असता. शिक्षणशास्त्राची जाडजूड पुस्तकं मी वर्षानुवर्षं शिकवते, पण ‘मुलाला जे येतं तिथून सुरुवात करा’ या वाक्याला इतकं चोख उदाहरण मला कधी देता आलेलं नाही. बाईंनी मात्र अहवालाच्या शेवटी लिहिलंय : माझा आत्मविश्वास वाढला. वास्तविक तिचा चांगलाच डळमळला होता, आणि तेच बरं झालं होतं.

पुढे तिने अक्षरं सोडली आणि विटांकडे वळली. मजुरी हजारी विटांवर, त्यामुळे घरात हजाराचा हिशेब रोजचा. दहाच्या थप्प्या, शंभरच्या रांगा. वहीत हातच्याला अडणारी मुलं तिथे झरझर मोजायची. हे जमू लागलं आणि एके सकाळी ती पोचली तर भोंगे रिकामे. रात्री हिशेब झाला, ट्रक आला, माणसं गेली. निरोपासाठी तिने आणलेली चिक्की सुरक्षारक्षकाला देऊन ती परतली.

प्रश्न उरला तासांचा. 120 भरायला थोडे कमी पडत होते. ती केबिनच्या दारात उभी. “मॅडम, शाळा उघडल्या की मोखाड्याला जाऊन त्यांना भेटले, तर ते तास धरतील का?”

“एसटीतले नाही धरता येणार, बाळा. वर्गातले धरू.”

गेली खरी. तीन मुली भेटल्या. एस-केवाल्याला मामाकडे पाठवलं होतं. गुरुजींनी तिला दिवसभर वर्गात बसवून घेतलं, थप्प्यांची वजाबाकीही घ्यायला लावली. तो दिवस ‘क्षेत्रकार्य’ धरायचा की ‘पाठपुरावा’, यावर आमच्या विभागात अजून एकमत झालेलं नाही. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, संस्थेचा शिक्का नाही म्हणजे तास नाहीत. मी तिला मोखाड्याच्या गुरुजींकडून शाळेचा शिक्का मागवायला सांगितलंय.