धुरकऱ्यांच्या मुलखात

शर्यत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? झुर्रकन जाणाऱ्या रंगीत मोटारी आणि हेल्मेट घातलेला ड्रायव्हर, हो ना? आज मी तुम्हाला वेगळ्याच ड्रायव्हरांच्या मुलखात नेणार आहे. त्यांच्या गाडीला इंजिन नाही, ब्रेक नाही, हॉर्नही नाही. आहे ती फक्त बैलजोडी!

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेत बसा आणि वडशाला उतरा. या गावाचं दुसरं नाव देसाईगंज. जवळूनच वैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे गडचिरोली जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. पूर्वी हा सगळा एकच जिल्हा होता. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला. साग, मोह, बांबू, तेंदू... जिकडे पाहावं तिकडे झाडंच झाडं. म्हणून तर या भागाला म्हणतात झाडीपट्टी.

इथलं मुख्य पीक धान. दिवाळीनंतर धान घरात आलं, की गावोगावी शंकरपट भरतो. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. दोन जोड्या शेजारी शेजारी उभ्या करतात आणि इशारा होताच सोडतात. बैलजोडी हाकणाऱ्याला म्हणतात धुरकरी. हलक्या छकडीवर कसाबसा बसलेला, हातात कासरे, आणि पुढे उधळलेले दोन बैल! पडलं तर हाड मोडायचंच.

अशाच एका पटाला मी गेलो होतो. सकाळी माणसं यायच्या आधीच एक आजोबा धावपट्टीवरून हळूहळू चालत होते. मध्येच वाकायचे, ढेकूळ उचलून बाहेर टाकायचे, पायाने खड्डा चाचपायचे. मागून त्यांचा नातू येत होता. तोच त्यांच्या जोडीचा धुरकरी.

ते पाहून मला एकदम एलिश्का युंकोव्हा आठवली. कोण बरं ही? ही चेक देशातली मोटारशर्यतपटू. १९०० साली जन्मलेली. त्या काळी शर्यतीत बाई दिसणं म्हणजे नवलच! एलिश्का शर्यतीआधी रस्ता पायी फिरून बघायची. कुठे वळण आहे, कुठली खूण लक्षात ठेवायची, हे सारं मनात पक्कं करायची. १९२८ साली इटलीतल्या सिसिली बेटावर ‘तार्गा फ्लोरिओ’ ही डोंगरातली अवघड शर्यत झाली. तिच्यात नावाजलेल्या पुरुषांना मागे टाकत ती पाचवी आली. त्याच वर्षी तिचा नवरा दुसऱ्या एका शर्यतीत अपघातात गेला, आणि तिने शर्यती कायमच्या सोडल्या.

कुठे सिसिली आणि कुठे झाडीपट्टी! पण आधी वाट ओळखायची आणि मग वेग घ्यायचा, हे दोघांनाही कळलेलं.

मी आजोबांना धीर करून विचारलं, “आजोबा, बैलांना मारतात का हो?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आधी मारत होतो, बापू. तुतारी टोचत होतो, शेपूट पिरगाळत होतो. मीबी केलं. चुकलंच ते.”

तुतारी म्हणजे टोकाला अणकुचीदार खिळा लावलेली काठी. बैलांचे असे हाल होतात म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली. पुढे महाराष्ट्राने नवा कायदा केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. पण अटी घालूनच बरं का! बैलांची डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी आणि त्यांना इजा करायची नाही. तरीसुद्धा ‘बैलाला पळवावंच कशाला?’ असं म्हणणारे लोक आहेत. त्यांचंही म्हणणं ऐकायला हवं.

दुपारी मैदान माणसांनी फुलून गेलं. आजोबांच्या जोडीची पाळी जवळ आली. जू ठेवण्याआधी त्यांनी बैलांच्या पायांवरून हात फिरवला. डाव्या बैलाच्या खुरापाशी हात थांबला. पुन्हा चाचपलं. “गरम लागते,” ते म्हणाले. “आज जोडी सोडायची नाई.”

नातवाचा चेहरा रडवेला झाला. वर्षभर खपला होता बिचारा! “आबा, एकच फेरी,” तो म्हणाला. आजोबांनी मान हलवली. “गाडीचं चाक बदलता येते, बैलाचा पाय कुठून आणशील?”

नातू काही बोलला नाही. बराच वेळ तो पाठ फिरवून उभा राहिला. मग गुपचूप बादली घेऊन बैलाच्या पायावर पाणी ओतू लागला.

रात्री गावात नाटक होतं. पट पाहायला पाहुणे येतात, लेकीजावई येतात. त्यांच्यासाठी रात्री नाटक ठेवायची इथली जुनी पद्धत. त्यातूनच झाडीपट्टीची रंगभूमी बहरली. वडशाला तर कितीतरी नाटक मंडळ्या आहेत! २०२३ साली याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते थेट पहाटेपर्यंत चालतं.

मांडवात मी त्या नातवाला शोधत होतो. तो आलाच नव्हता. सकाळी कळलं, तो रात्रभर गोठ्यात बैलापाशी बसून होता.

त्या पटात पहिलं बक्षीस कोणी मिळवलं, ते मी केव्हाच विसरलो. पण खरा धुरकरी कोण, असं कोणी विचारलं तर मला तो गोठ्यातला मुलगाच आठवतो. तुम्हाला काय वाटतं?