वसुली आणि मेहरौली

गेल्या कार्तिकात आम्ही उभयता चार दिवस दिल्लीस जाऊन आलो. काम ह्यांचे होते. दिंडोरी परिसरातील द्राक्षे आझादपूरच्या बाजारात पाठवण्याचा आमचा जुना व्यवहार. मागील हंगामातील मोठी रक्कम तेथील एका आडत्याकडे अडकून पडली होती. शेतकऱ्यांचे पैसे ह्यांनी वेळेवर घरातून चुकते केले होते, त्यामुळे झळ होती ती आमच्याच घराला. फोनवर गोड बोलणारा माणूस समोर बसला की निदान आकडा तरी बोलतो, हा ह्यांचा अनुभव. मी बरोबर गेले ती दिल्ली पाहण्यासाठी.

चांदनी चौकाजवळच्या धर्मशाळेतून नवकारशीनंतर आम्ही निघत असू. मेट्रोची पिवळी मार्गिका दोघांच्याही सोयीची. उत्तरेला आझादपूर, दक्षिणेला कुतुबमिनार. स्थानकातच आमच्या वाटा फुटत. परतण्याची वेळ मात्र चौविहार ठरवी. त्या दिवसांत दिल्लीचा सूर्य आपल्या नाशिकपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. तीन वाजले की मी घड्याळ पाहू लागे.

कुतुबमिनारशेजारच्या मशिदीच्या पूर्व दारावर एक फारसी लेख आहे. २७ देवालयांचे साहित्य या बांधकामास वापरले आणि त्या प्रत्येक देवालयावर २० लाख ‘दिल्लीवाल’ खर्च झाले होते, असे त्यात नमूद आहे. देवालये हिंदू व जैन, दोन्ही. खांबांवरच्या घंटा, साखळ्या आणि विद्रूप केलेल्या आकृती पाहून मन खिन्न झाले. तरी माझी नजर अडली ती त्या आकड्यावर. दिल्लीवाल हे चांदी-तांब्याच्या मिश्रणाचे नाणे. पाडलेल्या वास्तूचेही मूल्यांकन करून ते दगडावर कोरून ठेवावे, याचे मला विलक्षण वाटले. बँकेत तारणाचे मूल्यांकन करण्यात माझी वर्षे गेली. असे मूल्यांकन कधी पाहिले नव्हते.

तेथून जवळच मेहरौलीची दादाबाडी आहे. मणिधारी जिनचंद्रसूरी ११६६ मध्ये येथे कालधर्म पावले, अवघ्या २६ व्या वर्षी. मिनार उभा राहण्यापूर्वीची ही गोष्ट. आसपासची राज्ये बदलली, गावाची नावे बदलली, पण दर्शनाची वाट मोडली नाही. मी तेथे एक सामायिक केले. त्या दिवशी आणखी काही पाहावेसे वाटले नाही.

त्याच खरतरगच्छाचा एक श्रावक मला दिल्लीत सारखा आठवत होता. ठक्कुर फेरू त्याचे नाव. अलाउद्दीन खिलजीच्या खजिन्यातील रत्ने त्याने डोळ्यांनी पाहिली होती आणि पुढे दिल्लीच्या टांकसाळीतील अनुभवावर १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा प्राकृत ग्रंथ लिहिला. कोणत्या राजाच्या नाण्यात चांदी किती, तांबे किती, त्याचा भाव काय, असे सारे त्यात आहे. देवगिरीची लूट ज्या राजधानीत आली, तेथेच बसून हा मनुष्य नाण्यांचा कस लावत होता. हे त्याने लिहिले ते आपल्या भावासाठी आणि मुलासाठी. आपल्या पेढ्यांवर आजही मुलांना असेच शिकवले जाते, फक्त लिहून कोणी ठेवत नाही. फेरूचे लेखन शतकानुशतके अज्ञात राहिले. १९४६ मध्ये अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांना कोलकात्यात हस्तलिखित मिळाले, तेव्हा ते उजेडात आले. हे दोघेही व्यापारी घराण्यातलेच.

तिसऱ्या दिवशी हे आझादपूरहून आले ते थकून, पण बरे दिसत होते. निम्म्याहून थोडी अधिक रक्कम खात्यात जमा झाली होती; उरलेल्यापोटी पुढील तारखांचे तीन धनादेश. मी ते दिव्याखाली धरून पाहिले. तारीख, अक्षरी रक्कम, सही, सारे ठीक.

“कस लागला का?” ह्यांनी विचारले.

“कागदाचा लागला. खात्याचा तारखेला लागेल,” मी म्हणाले.

चौथ्या दिवशी आम्ही दोघे लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर लाल मंदिरात गेलो. तेथील पक्ष्यांचे रुग्णालय १९२९ पासून चालू आहे. पतंगाच्या मांजाने पंख कापलेली, पंख्याला धडकलेली कबुतरे पिंजऱ्यांत बसून होती. शाकाहारी पक्ष्यांना ठेवून घेतात. शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात, मुक्काम नाही. बरा झालेला पक्षी आणून देणाऱ्याला परत देत नाहीत, आकाशात सोडतात.

हे ऐकून हे प्रथमच मोकळेपणाने हसले. “म्हणजे येथेही दिलेला माल परत नाही!” आणि त्यांनी पक्ष्यांच्या दाण्यासाठी पावती फाडली.

दिवाळीला घातलेल्या नव्या वहीत त्या आडत्याच्या नावाचे पान ह्यांनी घेतलेले आहे. त्यावर मी अद्याप काही बोललेले नाही. पहिला धनादेश पौषात वटायचा आहे.