बोलणं पुरं होईपर्यंत

भव्य रोम बघायचं असेल तर ‘आय, क्लॉडियस’च्या वाटेला जाऊ नये. बीबीसीने १९७६ साली दाखवलेली ही मालिका लंडनच्या स्टुडिओतच घडते. रणांगण नाही, दौडणारे रथ नाहीत. आखाड्यात माणसं मरत असतात तेव्हाही आपल्यासमोर असतात ते मुख्यतः शाही सज्जातले चेहरे. गर्दीचा गलका नुसता कानावर येतो. बाकी खांब, पडदे, आणि बोलणारी माणसं. माझा जीव या मालिकेवर जडला तो याचसाठी. अख्खं साम्राज्य बोलण्यातून उभं राहतं, आणि ते सांगणारा माणूस, पुढे सम्राट होणारा क्लॉडियस, तोतरा आहे.

आमच्या घरी ती आली लंडनच्या आत्याने टेप करून पाठवलेल्या कॅसेटमधून. शनिवारी भाड्याचा व्हीसीआर यायचा. शेजारी त्यावर हिंदी पिक्चर बघत, आमच्याकडे टायबेरियस आणि कॅलिग्युला. मोझेइकवरून सरपटणारा तो साप दिसला की सगळे आपापल्या जागी.

काका तोतरे होते. बँकेत लेजर लिहीत. अक्षर सुरेख, पण काउंटरवर कधी बसले नाहीत. ‘प’ आला की ओठ घट्ट मिटत, मान जरा डावीकडे जाई, आणि तेवढ्यात कुणीतरी, बहुतेक वेळा आजीच, तो शब्द पुरा करून टाकी. पडद्यावर क्लॉडियस झालेल्या डेरेक जॅकोबीची मान पहिल्यांदा झटकली, शब्द अडकला, तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाबा उगाच खाकरले. काका मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. भाग संपल्यावर म्हणाले, “न-नट चांगला आहे. दर वेळी एकाच अक्षराला अडत नाही.”

पुढच्या शनिवारपासून मी ते अडणं ऐकू लागले. मालिका बघताना जॅकोबीचं, आणि एरवी काकांचं. आजीने शब्द पुरे करणं सोडलं नाही. मी सोडलं.

कॉलेजात गेल्यावर रॉबर्ट ग्रेव्हजच्या १९३४ आणि १९३५ सालच्या मूळ कादंबऱ्या मिळवल्या, आणि मग त्यानेच इंग्रजीत आणलेला रोमन चरित्रकार स्युटोनियस. कादंबरीचं कितीतरी सामान तिथलंच आहे हे पानोपानी दिसत होतं. पोटच्या पोराला निसर्गाने अर्धवट सोडलेलं ध्यान म्हणणारी आई तिथे आहे. सम्राट ऑगस्टसचं एक पत्रही आहे. एरवी ज्याचं बोलणं धड कळत नाही तो हा पोरगा पाठ केलेलं भाषण इतकं स्वच्छ कसं करतो, याचं त्याला नवल वाटतं आणि ते तो आपल्या बायकोला, लिव्हियाला कळवतो. मी पुस्तक उघडं तसंच धरून काकांकडे गेले. संध्याकाळी दिवा लागल्यावर काका रामरक्षा म्हणत, आणि त्यात पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कुठे अडत नसत. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. “र-राजाला ऐकू येत होतं म्हणजे,” एवढंच बोलले.

ऑगस्टसचं मरण मी किती वेळा पाहिलं असेल! कॅमेरा ब्रायन ब्लेस्डच्या चेहऱ्यावर येतो आणि तिथून हलतच नाही. लिव्हिया चौकटीबाहेरून बोलत राहते, समजुतीच्या सुरात, आयुष्यभराच्या संसाराबद्दल. त्या चेहऱ्यात प्राण आहे की गेला हे सांगता येत नाही. आणि बाहेर पडताना सियान फिलिप्सची ती लिव्हिया आपल्या मुलाला, टायबेरियसला, सहज बजावते, अंजिरांना हात लावू नकोस. खऱ्या लिव्हियावर हा अन्याय आहे. अंजिरांची वदंता जुनी, रोमन इतिहासकार कॅसियस डिओनेही नोंदवलेली. पण विषप्रयोगाला पुरावा कुणाकडेच नाही, आणि आजचे बहुतेक इतिहासकार तो आरोप मानत नाहीत. हे ठाऊक असूनही त्या प्रसंगाला माझ्या अंगावर काटा येतोच.

त्याहून मला मोठा वाटतो तो म्हाताऱ्या लिव्हियाकडचा जेवणाचा प्रसंग. मेल्यावर मला देवी कर, असं वचन ती क्लॉडियसकडून घेते आणि बदल्यात कुणाकुणाला कसं मारलं ते एकेक करून सांगते. ज्याला सगळे खुळा समजतात त्याच्यापुढे जीभ आवरायचं कारण उरत नाही. तरुणपणी पोलिओ या इतिहासकाराने क्लॉडियसला सल्लाच दिलेला असतो, जगायचं असेल तर तोतरेपणा वाढवून दाखव. तो तगतो, ऐकत राहतो, आणि रात्री बसून लिहितो. वचनही पाळतो, इ. स. ४२ मध्ये खरोखरच्या क्लॉडियसने लिव्हियाला देवत्व दिलं.

ग्रेव्हजच्या याच कादंबरीवर १९३७ साली चित्रपट निघत होता. चार्ल्स लॉटनला क्लॉडियस काही केल्या सापडेना. मग त्याने आठव्या एडवर्डचं राज्यत्यागाचं भाषण ऐकलं आणि त्या आवाजातून त्याला वाट मिळाली. क्लॉडियसची बायको मेसालिना होती आपल्या मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन. तिला मोटारीचा अपघात झाला आणि चित्रपट कायमचा थांबला. उरलेल्या तुकड्यांत लॉटन सिनेटपुढे बोलतो, तेवढं तरी प्रत्येकाने पाहावंच.

काका गेल्यानंतर लेकीच्या शिक्षणाच्या निमित्ताने ल्योंला जाणं झालं. क्लॉडियसचं हे जन्मगाव. त्याने एट्रुस्कन लोकांचा इतिहास वीस खंडांत लिहिला, कार्थेजचा आठ. एकही उरलेला नाही. पण फुर्विएर टेकडीवरच्या संग्रहालयात काशाचा एक भला मोठा पत्रा आहे, १५२८ साली सापडलेला. गॉलच्या प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये घ्यावं म्हणून क्लॉडियसने इ. स. ४८ मध्ये केलेलं भाषण त्यावर कोरलंय. अक्षरं अजून ठसठशीत. रोमचे जुने राजेसुद्धा परके होते इथपासून तो सुरुवात करतो, मग लाडक्या एट्रुस्कनांत शिरतो आणि लांबतच जातो. मध्येच स्वतःला नावाने हाक मारून म्हणतो, आता मुद्द्यावर ये. काही अभ्यासकांना वाटतं, ही कुणा सिनेटरने मारलेली आरोळी असावी. मला ती त्याचीच वाटते. अडलं की काकाही स्वतःवर असेच खेकसत, आणि मग पुढे बोलत. क्लॉडियसही पुढे बोलला. ठराव झाला, आणि सिनेटमध्ये बसायचा हक्क सगळ्यांत आधी गॉलमधल्या एदुई जमातीला मिळाला.