पारायण नको, पुनर्वाचन हवे

सहा डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर जी गर्दी उसळते, तशी गर्दी साहित्य संमेलनांच्या मांडवात आम्ही पाहिलेली नाही. रेल्वेच्या जनरल डब्यातून, भाकरी-चटणी बांधून आलेला माणूस परत जाताना पिशवीत दोन पुस्तके घेऊन जातो. ही आपल्या चळवळीची खरी मिळकत आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. परंतु पुढचा प्रश्न आपण विचारत नाही. ती पुस्तके पुढच्या सहा डिसेंबरपर्यंत किती वेळा उघडली जातात? आणि ज्याने एकदा वाचले, तो दुसऱ्यांदा कधी वाचतो?

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आणि गेली काही वर्षे शहरातल्या वस्त्यांमध्ये काम करत आहोत. वस्तीतली मुले-मुली नेहमी विचारतात, "दादा, कोणती पुस्तके वाचू?" आम्ही त्यांना पन्नास पुस्तकांची यादी देत नाही. चार पुस्तके सांगतो आणि म्हणतो, प्रत्येक पुस्तक निदान तीन वेळा वाचा. मुलांना ही शिक्षा वाटते. म्हणून त्यामागचे कारण इथे मांडतो.

पहिले पुस्तक 'जातिसंस्थेचे निर्मूलन'. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी हे भाषण 1936 साली लिहिले. मंडळाला त्यातला मजकूर झेपला नाही, बाबासाहेबांनी तो बदलायला नकार दिला, परिषदच रद्द झाली. न झालेले हे भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. कॉलेजात असताना आम्ही ते वाचले ते वादासाठी. वर्गात कुणी आरक्षणावर बोलले, जात आता राहिलीच कुठे असे म्हणाले की उत्तर द्यायला दारूगोळा हवा होता. तो भरपूर मिळाला. एम.ए.ला पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हा मुद्दा म्हणजे अख्ख्या समाजशास्त्राला दिलेले आव्हान आहे. पाठ्यपुस्तकात जे प्रकरण 'व्यवसायांची परंपरागत वाटणी' अशा गुळगुळीत शब्दांत संपते, त्याची चिरफाड बाबासाहेबांनी केव्हाच करून ठेवली होती.

तिसऱ्यांदा वाचले ते कंत्राटी सफाई कामगारांबरोबर काम करताना. एकाच मुकादमाच्या हाताखाली, एकाच कचरा गाडीवर राबणारी माणसे. पगार सगळ्यांचाच थकलेला. तरीही अर्जावर सह्या घ्यायची वेळ आली तेव्हा गटारात उतरणारा वेगळा, झाडू मारणारा वेगळा आणि गाडीवरचा वेगळा. प्रत्येकाला आपण कुणाच्या तरी वर आहोत याचेच समाधान. त्या रात्री बाबासाहेबांनी समाजवाद्यांना विचारलेला प्रश्न पुन्हा काढून वाचला: जातीने विभागलेले गरीब क्रांतीसाठी एकत्र येतील कसे? कॉलेजात हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांना विचारत होतो. आता तो आमच्या हातातल्या सह्यांच्या कागदावर उभा होता. सह्या मिळवायच्या तर आधी त्या पायऱ्यांविषयी बोलावे लागले. पुस्तकाने काम सोपे केले नाही, पण काम कुठे अडले आहे ते दाखवले.

आणि हेच पुस्तक हातात घेऊन आपल्या वधू-वर मेळाव्यांकडे पाहिले तर? पंचशील घेऊन मेळावा सुरू होतो, धर्म या रकान्यात 'बौद्ध' लिहिलेले असते आणि चहा पिताना हळूच विचारले जाते, "तुमच्यात सोमवंशी की लाडवण?" जातीबाहेरचे लग्न हा जात मोडण्याचा महत्त्वाचा उपाय म्हणून बाबासाहेबांनी सांगितला; आपण अजून पोटजातीचा उंबरठा ओलांडताना अडखळतो. एकदा वाचणाऱ्याला हे पुस्तक सवर्णांविरुद्धचे आरोपपत्र वाटते. पुन्हा वाचणाऱ्याला त्यात स्वतःच्या घराचा पत्ताही सापडतो.

दुसरे पुस्तक 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली ते प्रसिद्ध झाले. वर्षावासात विहारांतून त्याचे वाचन होते, ही चांगली प्रथा आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची म्हातारा-रोगी-प्रेत ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला ठेवली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद मांडला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. सिद्धार्थ संघात युद्धाला विरोध करतो, दोन्हीकडच्या माणसांची समिती नेमून वाद मिटवण्याचा पर्याय देतो, मतदानात हरतो आणि तरीही सैन्यात जायला नकार देतो. त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकण्याची आणि जमिनी जप्त करण्याची भाषा होते, तेव्हा तो घरच्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून परिव्रज्या पत्करतो.

वस्तीत सार्वजनिक नळावर हंड्यांच्या रांगेत ज्याने भांडणे सोडवली आहेत, त्याला हे प्रकरण वेगळेच दिसते. पाणी आधी कुणी घ्यायचे, एवढ्याशा गोष्टीवरून नोकरांमध्ये हाणामारी होते आणि दोन गणराज्ये युद्धाला उभी राहतात. आमच्याकडे नळाला पाणी येते जेमतेम तासभर. पाणी कमी का येते हे विचारायला कुणी वॉर्ड ऑफिसात जात नाही, पण पुढच्या गल्लीवर धावून जायला सगळे तयार. पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसली. पुढे सिद्धार्थाला कळते की शाक्य आणि कोलीय यांच्यात समेट झाला आहे. घरी परतायला वाट मोकळी असते. तरी तो परतत नाही, कारण त्याला आता एका भांडणापलीकडचा प्रश्न दिसू लागला आहे: माणसामाणसांत, वर्गावर्गांत संघर्ष होतोच का? आम्हा कार्यकर्त्यांसाठी याहून मोठा धडा नाही. एक भांडण मिटले, पेपरात फोटो आला, की आपण घरी परततो.

मागच्या एका वर्षावासात हेच प्रकरण चालू असताना नववीतल्या एका मुलीने विचारले, "मग आपल्या वस्तीत जयंतीच्या दोन मिरवणुका का निघतात? दोन्ही मंडळांची माणसे एकत्र बसवून वाद का मिटवत नाहीत?" विहारात शांतता पसरली. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "बाळ, ग्रंथ ऐकायचा असतो, मध्ये बोलायचे नसते." ते काका मनाने चांगले आहेत, त्यांनी हयातभर विहाराची झाडलोट केली आहे. पण त्यांचे हे वाक्य आम्हाला मान्य नाही, आणि हे आम्ही त्यांना तिथेच नम्रपणे सांगितले. त्या मुलीने बाबासाहेबांचा ग्रंथ वाचला होता. बाकीच्यांनी त्याचे पारायण केले होते.

पारायण आणि पुनर्वाचन यांतला फरक इथे आहे. पारायणात पोथी श्रेष्ठ, ऐकणारा खाली. पाने संपली की पुण्य पदरात. पुनर्वाचनात वाचणारा आपला अनुभव घेऊन पुस्तकासमोर बसतो, त्याला प्रश्न विचारतो आणि पुस्तकाचे प्रश्न स्वतःवर घेतो. ज्यांनी शास्त्रांचे प्रामाण्य नाकारायला शिकवले, त्यांच्याच ग्रंथाची पोथी करायची, हा बाबासाहेबांचा गौरव नाही. त्यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बौद्ध परंपरेसमोर चार मोठे प्रश्न ठेवले आहेत. प्रश्नांनी सुरू होणारा ग्रंथ प्रश्न न विचारता कसा ऐकायचा?

तिसरे पुस्तक दया पवारांचे 'बलुतं', 1978 सालचे. यात दगडू मारुती पवार आणि शिकून सवरून नोकरीला लागलेला दया पवार एकमेकांसमोर बसतात. पहिल्या वाचनात आपण धामणगाव पाहतो, मुंबईतला कावाखाना पाहतो, भूक पाहतो आणि सुन्न होतो. नोकरी लागल्यावर, फ्लॅटचा हप्ता सुरू झाल्यावर पुन्हा वाचून बघा. आता दगडू समोर बसून तुमच्याकडे बघत असतो. वस्तीतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने दर पाच वर्षांनी त्याच्यासमोर बसावे.

चौथे बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', 1986 साली पुस्तकरूपाने आलेले. बेबीताईंनी हे लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. फलटण परिसरातल्या महारवाड्याचे जगणे त्यांनी मांडले, गावाने लादलेली गुलामी सांगितली. पण महारवाड्याच्या आत सुनेचे काय हाल होत, हेही त्यांनी झाकले नाही. तरुणांनी हे पुस्तक पुन्हा वाचावे ते यासाठी. आपल्या बैठकीत ताई चहा करतात, सतरंज्या घालतात आणि भाषणाच्या यादीत त्यांचे नाव शेवटी 'आभार' म्हणून येते. हे तुम्हाला खटकत नसेल तर 'जिणं आमुचं' तुमचे अजून वाचून झालेले नाही.

काही मित्र म्हणतात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा की तीच ती पुस्तके वाचत बसायचे? आमचे म्हणणे साधे आहे. रोज व्हॉट्सअॅपवर बाबासाहेबांच्या नावाने जी वाक्ये फिरतात, त्यातली कितीतरी त्यांनी कधी लिहिलेली नाहीत. ती ओळखायची तर मूळ पुस्तक हाताखालचे हवे. एकदा वाचलेले वर्षभरात विरते आणि त्या रिकाम्या जागेत दुसऱ्याने पेरलेला बाबासाहेब उगवतो. आपला महामानव आपल्या हातून असाच नेला जातो: पुतळा आपला राहतो, विचार दुसऱ्याचा होतो.

अर्थात पुनर्वाचनासाठी पुस्तक मिळायला तर हवे! महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड 1979 साली प्रसिद्ध केला, वसंत मून यांनी त्या संपादनासाठी आयुष्य वेचले. आणि 2021 मध्ये या प्रकाशनाचे काम रखडले म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. खंडांची मागणी रेटणे हेही वाचकाचेच काम आहे. न वाचणारा समाज अशी मागणी कशाला करेल?

आम्ही वस्तीत जे करतो तेच सुचवतो. दहा जणांचा गट करा. वर्षाला एकच पुस्तक घ्या. महिन्यातून दोनदा बसा, पंधरा पाने मोठ्याने वाचा आणि उठण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्या: हे आपल्या गल्लीत कुठे दिसते? पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने तारीख टाका. पुढच्या वर्षी तेच पान उघडाल तेव्हा तुम्ही किती चाललात ते ती तारीख सांगेल. आणि नववीतली एखादी मुलगी मध्येच बोलली, तर वाचन थांबवा आणि आधी तिला उत्तर द्या.

जय भीम.