गाडीचा ताप

'ताप' हा आपल्या मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. अंगात येतो तोही ताप आणि डोक्याला होतो तोही ताप. पहिल्याची मोजणी होते, दुसऱ्याची होत नाही, एवढाच काय तो फरक! पण मोजणीचा तरी माणसाला कोण भरवसा! पारा फार वर चढलेला दिसला, की घरातले वडीलधारे माणूस आधी थर्मामीटर झटकीत असे आणि म्हणत असे, "हा मेला बिघडलेला दिसतोय!" वाईट बातमी आणणाराच खोटा ठरला, की जीव कसा भांड्यात पडतो.

माझ्या डिझेलच्या मोटारीला गेल्या पावसाळ्यात असाच ताप आला. माझा थोरला भाऊ वाईला माझ्याकडेच असतो. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावे लागते. एका गुरुवारी महामार्गावर समोरचा पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढीचना. मागून ट्रक भोंगे वाजवीत होते. दादा काही बोलला नाही. फक्त घड्याळाकडे पाहात होता. त्याची वेळ चुकून चालत नाही, हे गाडीला कोण सांगणार?

एका वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तिथल्या मुलाने स्कॅनर जोडला. पडद्यावर 'पी २०८०' असा आकडा उमटला. "सायलेन्सरचा टेंपरेचर सेन्सर गेलाय," तो म्हणाला. नवा सेन्सर बसला, दिवा विझला, आणि पाचव्या दिवशी पुन्हा लागला! मग दुसऱ्या एका कसबी माणसाने युक्ती सुचवली : "तिथे एक रेझिस्टर टाकून देतो. दिवा पुन्हा म्हणून लागायचा नाही."

युक्ती मोह पाडणारी होती. पण तो सेन्सर तिथे कशासाठी असतो, ते आधी पाहिले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, तेव्हापासून आपल्याकडच्या डिझेल मोटारींत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर सर्रास आला. तो तुंबत चालला, की गाडीतला संगणक जादा डिझेल सोडून धूर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतो आणि साठलेली काजळी जाळून टाकतो. म्हणजे आपण आत गाणी ऐकत बसलेलो असतो आणि पोटाखाली भट्टी पेटलेली असते! ती किती तापली, हे सांगायला धुराच्या वाटेवर सेन्सर बसवलेले असतात. त्यांच्या सांगण्यावर विश्वास बसेना, तर संगणक शहाण्यासारखा भट्टी पेटवतच नाही. मग काजळी साठते आणि गाडी पंगू होते. रेझिस्टर म्हणजे शिकवून उभा केलेला साक्षीदार. भट्टी थंड असो की फिल्टर वितळायची वेळ येवो, तो आपला एकच आकडा सांगत राहणार.

शेवटी गावातल्या एका जुन्या मिस्त्रींना गाठले. ते म्हणाले, "गुरुजी, रात्री गाडी उभी करा आणि सकाळी मी येईपर्यंत सुरू करू नका." मला नवल वाटले. तापाची तक्रार, आणि तपासणी थंड गाडीची! पण त्यातच मेख होती. रात्रभर विसावलेल्या गाडीत पाणी, हवा, धुराची नळी, सगळ्यांचे तपमान सारखेच असणार. मिस्त्रींनी नुसती किल्ली फिरवून स्कॅनर पाहिला. पाणी म्हणत होते २०, हवा म्हणत होती २०, धुराच्या वाटेवरचे बाकीचे सेन्सरही विशीच्या आसपास. एंजिनाजवळचा पहिला मात्र म्हणत होता २९०!

"आता हा खोटा की ह्याचा निरोप वाटेत बदलला, ते बघू," असे म्हणून त्यांनी कपलर सोडवला. माझ्या गाडीतला सेन्सर प्लॅटिनमचा आहे. शून्य अंशाला त्याचा रोध २०० ओहम असतो आणि तपमानाबरोबर तो वाढतो. (काही गाड्यांत प्रकार नेमका उलटा असतो, म्हणून जात विचारल्याशिवाय मीटर लावू नये.) थेट सेन्सरवर मीटर लावला, तर काटेकोर २१५ च्या आसपास! बिचारा खरेच बोलत होता. मग कपलर जोडून ते वायरिंग बोटांनी हळूहळू वाकवत गेले, आणि मी पडद्याकडे पाहात राहिलो. एका जागी आकडा नाचू लागला. तिथे उंदराने वायर कुरतडली होती. पावसाने उरल्यासुरल्या तारांना हिरवट गंज चढला होता. त्या गंजाने वाटेत दोनशे ओहमची भर घातली होती, आणि संगणकाला ती उष्णता वाटत होती. वायर सांधली, वर आवरण चढवले, काम झाले.

मग त्या 'पी २०८०' चा पुरता अर्थ मी मिस्त्रींकडून समजून घेतला. पहिल्या सेन्सरच्या वायरिंगमधून येणारी माहिती पटण्याजोगी नाही, एवढेच तो म्हणतो. 'सेन्सर गेला' असे तो म्हणतच नाही. ते आपण आपल्या मनाने ऐकलेले.

संध्याकाळी दादाला ही हकीकत सांगितली. तो हसला. म्हणाला, "अरे, माझा पहिला क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला, तेव्हा मी लॅबच बदलली होती. तिसऱ्या लॅबने तोच आकडा दिला, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. तुझ्या गाडीत बातमी खोटी होती, माझी खरी होती. पण सांगणाऱ्याचा दोष दोन्हीकडे नव्हता."

पुढच्या गुरुवारी आम्ही वेळेवर साताऱ्याला पोचलो. वर्कशॉपने काढून दिलेला जुना सेन्सर मिस्त्रींनी जाता जाता मीटरवर धरला होता. २१५ च! तो आता माझ्या टेबलाच्या खणात, थर्मामीटरच्या शेजारी असतो.