शेरीचा वास, वाशिमचं नाक

वीकेण्डला लोणावळा, अलिबाग, फार तर नाशिकच्या वायनरीज. आपल्या ऑफिस गँगचा हा ठरलेला फंडा. त्यात कुणी 'वाशिम' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'तिथे आहे काय?' आणि वाशिममध्ये सिंगल माल्टचं टेस्टिंग म्हटलं, की मग हसून हसून पुरेवाट!

पण बॉस, एकदा जाऊन तर बघा. मुंबईहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडायची, पहाटे अकोल्याला उतरायचं आणि रस्त्याने दक्षिणेला साधारण ८० किलोमीटर. दोन्ही बाजूंना काळी जमीन, त्यात सोयाबीन नाहीतर तूर. मुक्कामाला माझ्या मामाचं घर आणि त्याची ऐसपैस गच्ची.

आम्ही चौघं, सोबत चार बाटल्या. तीन स्कॉच, टीममधल्या दोघांनी ऑनसाइटहून परतताना ड्युटी फ्रीमधून आणलेल्या. चौथी आपल्या बंगळूरची. चौघींत कॉमन गोष्ट एकच, शेरीचं पिंप.

पिंपाची भानगड

शेरी म्हणजे स्पेनच्या हेरेथ भागातली वाइन. पूर्वी ती लाकडी पिंपांतून ब्रिटनला जायची. रिकामी पिंपं फेकायची कशाला, म्हणून स्कॉटलंडवाल्यांनी त्यांत व्हिस्की भरली. लाकडात मुरलेली शेरी व्हिस्कीत उतरली आणि चव जमून गेली. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि ही आयती पिंपं बंद झाली. आता डिस्टिलऱ्या स्पेनमध्ये ऑर्डर देऊन नवी पिंपं बनवून घेतात, त्यांत काही काळ शेरी ठेवतात, मग ती रिकामी करून मागवतात. शेरीही एक नाही. ओलोरोसो कोरडी, अक्रोडासारखी. पेद्रो हिमेनेझ उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी गोड आणि दाट.

चार ग्लास, चार तऱ्हा

सुरुवात बॅल्व्हेनी १२ डबलवूडने. ही जवळपास सगळं आयुष्य बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात काढते. शेरीच्या पिंपात राहते ती शेवटचे काही महिने. त्यामुळे शेरी अगदी हलकी, मध जास्त. दुसरी ग्लेनड्रोनाख १२. ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझ, दोन्ही पिंपांतली. रंगापासूनच गडद. तिसरी ॲबरलोर अबूना. फक्त ओलोरोसो, पाणी न घालता भरलेली, ६० टक्क्यांच्या आसपास. थेट घोट घेतला तर जीभ बधिर. चमचाभर पाणी घाला, मग ती बोलायला लागते.

चौथी अमृत इंटरमीडिएट शेरी, ५७.१ टक्के. अमृतने आपला सिंगल माल्ट २००४ साली थेट ग्लासगोत लाँच केला होता, म्हणजे काशीत जाऊन गंगाजल विकण्यातला प्रकार! ही बाटली म्हणजे सँडविच आहे. आधी बर्बनचं पिंप, मध्ये शेरीचं, मग परत बर्बनचं. लेबलवर वयाचा आकडा नाही. कारण हवामान. स्कॉटलंडमध्ये पिंपातली वर्षाला साधारण दोन टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळूरला दहाच्या पुढे. उष्णतेत लाकूड आणि दारूची देवाणघेवाणही भराभर होते. तिथे बारा वर्षं थांबलात तर पिंपात उरणार काय? तेव्हा '१२' बघून भाव खाणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मामींची एन्ट्री

इथपर्यंत सगळं पुण्यातल्या टेस्टिंग सेशनसारखंच चाललं होतं. एक जण लेबल वाचत होता, 'ख्रिसमस केक, अंजीर, मार्मलेड', बाकीचे माना डोलावत होते. आमच्यातल्या एकानेही कधी ख्रिसमस पुडिंग खाल्लेलं नाही, हा भाग वेगळा. तेवढ्यात मामी वर आल्या.

"काऊन रे बापू, हे काय मांडलं गच्चीवर?"

मी म्हटलं, मामी, ही प्यायची कमी आणि हुंगायची जास्त. प्रत्येकी १५ मिलि, चार मिळून ६०, बस.

"दारू ते दारूच. आमच्या गल्लीत तीन घरं बसली हिच्यापायी. त्यायनंबी कमीपासूनच सुरू केलं होतं."

गच्चीवर चिडीचूप. याला उत्तर नव्हतं. मामींनीच मग ग्लेनड्रोनाखचा ग्लास उचलला, ओठांपासून वीतभर लांब धरला आणि वास घेतला.

"हे त डिंकाच्या लाडवातल्या खारकीवानी येते. जायफळबी हाय." मग अबूना. "काळा गूळ. अन् मांगून संत्र्याची सालटं वाळू घातल्यावानी." अमृतला जरा थांबल्या. "मोहाची वाळली फुलं."

आम्ही परत हुंगलं. खारीक होती, जायफळ होतं. मोहाच्या सुकलेल्या फुलांचा मनुकांसारखा उग्रगोड वास तर आता लपतच नव्हता. एक थेंब न पिता मामींनी चारही बाटल्या वेगळ्या करून दाखवल्या होत्या.

"एवढं वासातच कळते, मंग पिता काऊन?" असं म्हणून त्या खाली निघून गेल्या.

शब्द इथलेच

दुसऱ्या दिवशी पद्मतीर्थ आणि बालाजी मंदिराकडे चक्कर मारली. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्येचं लग्न लावलं, ते याच वत्सगुल्मात. काव्य आणि साहित्याची जिथे गाठ पडली, त्या गावात येऊन आपण मार्मलेडवर अडून बसायचं? टेस्टिंग म्हणजे आठवण, आणि आठवण आपल्याच स्वयंपाकघरातली असते. तुमच्या जिभेला जे माहीत आहे तेच नाव द्या. खारीक म्हणा, काकवी म्हणा. बरोबरच असतं.

ट्राय करताय?

- महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं आणि परमिटही.
- हलकीपासून कडककडे जा. कडक आधी घेतली तर बाकीच्या पाणीच वाटतील.
- बर्फ नको, थेंब थेंब पाणी चालेल. शेजारी साध्या पाण्याचा तांब्या हवाच.
- गाडीची चावी घरातल्या मोठ्यांकडे.
- लेबल सगळ्यात शेवटी वाचा. त्याआधी घरातल्या न पिणाऱ्या माणसाला वास देऊन बघा.